पन्ना

तुमसरच्या लग्नवाल्या फोटोग्राफरानं विकलेला
माझा पहिला कॅमेरा,
पट्ट्यावर अजून त्याच्याच दुकानाचं नाव.
सोबत आलं ते अठरा-पंचावन्नचं भिंग,
सगळ्यांनाच मिळतं,
रेशनच्या तांदळासारखं. चालतं.
पोट भरतं.

मामाच्या घरात मात्र चालेना.
खोलीत माग, मागाच्या खड्ड्यात मामा,
मामापुढं कोशाचा ताणा.
उंबऱ्यावरून डोळा लावला
तर हात येत, पाय जात;
पाय घ्यावे तर कवेलू जाई,
त्या छपरातलं एकुलतं काचेचं कवेलू,
जिथून उजेड उतरतो
आणि दुपारभर धोट्याच्या मागं फिरतो.

"मांगं सर ना जरा," मामी म्हणाली.
मागं भिंत. भिंतीआड गोठा.
पुढं माग.
मागं सरायला जागा असती
तर आजोबांनी दुसरा माग टाकला असता.

शनिवारी भंडाऱ्याला गेले.
बारापात्रेंच्या दुकानात काचेखाली तीन भिंगं.
मी बोट ठेवलं चोवीसवर:
हलकं, भाकरीसारखं चपटं, स्वस्त.
बारापात्रे हसले नाहीत. भला माणूस.
"पोरी, आकडा लहान तितकं आंगन मोठं.
चोवीस म्हंजे तुह्या अठराहून अरुंद.
दारातून खिडकीत जाशीन."

दुसरं जुनं, अकरा-सोळा, जड,
अंधारातही पाहणारं.
दिव्यासमोर धरलं तर आत बुरशी,
बारीक, पांढरी,
कोळ्यानं जाळं सुरू करून सोडून दिल्यासारखी.
तिसरं दहा-अठरा. प्लास्टिकचं.
उजेड कमी पितं,
पण माझा हात थरथरला तर सांभाळून घेतं.
मामाचा हात हललेला येईल, ते म्हणाले.
येऊ दे.
मामाचा हात थांबला तर फोटो कशाचा?

ओळखपत्र आणि आठशे रुपये ठेवून
दोन दिवसांसाठी आणलं.

मामानं उलटंपालटं करून पाहिलं,
कापड पारखावं तसं.
"याचा पन्ना किती?"
मी म्हटलं, हे मिलिमीटरात असतं.
"ते राहू दे. पन्ना किती?"
मी दोन्ही हात पसरले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
"मंग काठ पाह्यजो," तो म्हणाला,
"पन्ना वाढवला का काठ वढते."

आणि पहिल्याच फोटोत
माग होता, मामा होता, कवेलूही होतं,
सगळं होतं आणि सगळं लांब,
वैनगंगेच्या पल्याडून कुणी
आपल्याच घराकडं पाहावं तसं.
काठावर मामी, कांडी भरताना,
चरखा लंबगोल,
तिचा हात दुधी भोपळ्यासारखा ताणलेला.
मामीनं पडद्यावर पाहिलं.
"येवढा लांब हात असता
त चुलीवरचा चहा इथूनच उतरवला असता."

दुपारभर दारातूनच काढत राहिले.
मग चप्पल काढून आत गेले,
ताण्याखाली डोकं घातलं,
खड्ड्याच्या कडेला बसले, इतकी जवळ
की धोट्याचा वारा गालाला.
मागावरचा मामा मला कमरेपासून वरच ठाऊक होता.
पावडीवर दाबून दाबून
त्याच्या टाचेची कातडी झालीय
कोशासारखी, पिवळट, गुळगुळीत.
तिथं नेम धरला. बाकी सगळं
आपसूक येऊन बसलं, कवेलूसुद्धा.

मामीला मात्र काठावरून आत घेता आलं नाही.
सरक म्हटलं, तर चरखा सरकेना.
ती तिथंच राहिली, लांब हाताची.
तोही फोटो ठेवलाय.

सोमवारी बारापात्रेंना फोन केला: ठेवते.
हप्ते तीन, दिवाळीआधी दोन.
भिंगाचं झाकण म्हणे सगळ्यांचंच हरवतं
पहिल्या महिन्यात.
मामीनं ऐकलं, बोलली काही नाही,
कांडीवर उरलेल्या कोशाला दुहेरी पीळ दिला
आणि झाकण पट्ट्याला बांधून टाकलं.

आता कॅमेरा उघडला की ते खाली लोंबतं,
आणि वारा असला
की धाग्याचं एक पिवळं टोक
चित्रात येतं.
पन्ना मोठा.
येणारच.